नऊ नंबरची काठी

“...पण ड्रायव्हर सुधारायचा असेल, तर सराव ड्रायव्हरनंच करायला नको का?”

आक्कासाहेब इंगवल्यांनी बशी उचलली. त्या बशीतला चहा फुंकत होत्या.

दुर्वा मगदूम खांद्यावरची बॅग न उतरवता तशीच उभी राहिली. पहाटे पुण्याहून निघून ती थेट इथं आली होती, कोल्हापूरच्या बाहेरच्या टेकडीवर, या जुन्या गोल्फच्या मैदानावर. मैदान लहान, गवत कुठं आहे कुठं नाही. उजवीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे खाली उतरत गेलेला ऊस. हवेत गुऱ्हाळाचा वास.

आक्कासाहेबांनी एके काळी देशभरातली मैदानं गाजवली होती. आता सत्तरी जवळ आली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, हातात आधाराची काठी होती. शिकवणं त्यांनी बंद केलं होतं. दुर्वानं फोनवर सगळं सांगितलं तेव्हा पलीकडून एकच शब्द आला होता, “ये.”

“आक्कासाहेब, मी काय विचारलं...”

“ऐकलं. बॅग उतरव की आधी.”

दुर्वानं बॅग उतरवली.

“एक मारून दाखव.”

ती याचीच वाट बघत होती. तिनं ड्रायव्हर काढला. बॅगेतला सगळ्यात लांब क्लब, मोठ्या डोक्याचा, खेळाच्या सुरुवातीला चेंडू लांबवर पोचवणारा. राज्यात तिच्याइतका लांब ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्या मुलीचा नव्हता. पुरुष खेळाडूसुद्धा हातातला खेळ थांबवून तिचा फटका बघायचे.

तिनं चेंडू टीवर, त्या इवल्याशा लाकडी खुंटीवर ठेवला, श्वास घेतला आणि अंगातलं सगळं बळ लावून फिरवला.

चेंडू कडाडून सुटला. वर चढला, चढतच राहिला... आणि मग हळूहळू उजवीकडे वळत कुंपणापार गेला.

“लांब तर गेला,” दुर्वा म्हणाली.

“कुठं गेला?”

“...उसात.”

“हं,” आक्कासाहेब म्हणाल्या आणि उरलेला चहा प्यायल्या.

*

गेल्या वर्षीही असंच झालं होतं.

राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुलींचा संघ शेवटच्या होलपर्यंत पुढे होता. बाकीच्या आपापलं खेळून बाजूला उभ्या होत्या. उरली होती दुर्वा. तिनं जरा छोटा क्लब घेऊन चेंडू मधोमध ठेवला असता, तरी पदक गळ्यात पडलं असतं. पण कडेला माणसं उभी होती आणि तिचा हात आपोआप ड्रायव्हरकडे गेला.

पहिला चेंडू हद्दीबाहेर गेला. तिनं दुसरा लावला. तोही तिकडेच गेला. तिसरा लावला तोवर दंडाच्या फटक्यांत पदक गेलं होतं.

परतीच्या गाडीत कुणी तिला दोष दिला नाही. जेवायला गाडी थांबली तेव्हा मुलींनी तिच्यासाठी जागा ठेवली, ताट पुढे केलं, पाणी ओतून दिलं. त्या चांगुलपणानं ती जास्तच जळाली.

मग तिचं नाव संघातून गेलं. त्यानंतर तिनं ड्रायव्हर बदलला, त्याची दांडी बदलली, दोन प्रशिक्षक बदलले. सकाळ-संध्याकाळ ड्रायव्हर मारून मारून तळहाताची सालं निघाली. चेंडू वळायचा तिकडेच वळत राहिला.

संक्रांतीनंतर पुण्यात निवड चाचणी होती. ती हुकली असती तर पुढच्या वर्षी तिच्या जागेवर नव्या मुली आल्या असत्या. हे तिला कुणी सांगण्याची गरज नव्हती.

*

“सगळ्या काठ्या इथं मांड,” आक्कासाहेब म्हणाल्या. क्लबला त्या काठीच म्हणायच्या.

दुर्वानं सगळे क्लब गवतावर ओळीनं मांडले. मनात तिनं अंदाज बांधला होता. फार तर ड्रायव्हरऐवजी तीन नंबरचा वुड, जरा आखूड क्लब, घ्यायला सांगतील.

“यातली कुठली मारताना तुला कंटाळा येतो?”

“कंटाळा?”

“हां. कुठली हातात घेतली की वाटतं, कधी एकदा संपतंय?”

दुर्वाला हसू आलं. “नऊ नंबर. ती छोटीशी आयर्न. तिच्यात मारण्यासारखं आहेच काय? चेंडू वर जातो, समोर पडतो. झालं.”

“ती घे. बाकीच्या ठेवून दे.”

“...पण माझा ड्रायव्हर बिघडलाय, आक्कासाहेब. नऊ नंबर नाही.”

आक्कासाहेबांनी आधाराची काठी टेकली आणि त्या उठल्या.

“समोर बाभूळ दिसती? तिच्या बुंध्याशी चेंडू पडला पाहिजे. पाय जुळवून उभी राहा. हात खांद्याच्या वर जाता कामा नये.”

“पाय जुळवून? तोल जाईल.”

“जाऊ दे.”

तोल गेलाच. पहिल्याच फटक्याला दुर्वा पुढं धडपडली आणि चेंडू जमिनीवरून ससा पळावा तसा पळाला. दुसऱ्याला ती मागं गेली. पुरुषांनाही थांबून बघायला लावणारी ही मुलगी पाय जुळवून नीट उभीही राहू शकत नव्हती. तिनं चोरून मागं पाहिलं. आक्कासाहेब मैदानाच्या कडेच्या आपल्या घराच्या व्हरांड्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष शेंगांकडे होतं.

ऊन चढलं तरी बाभळीपाशी एकही चेंडू पोचला नव्हता.

“ड्रायव्हर कधी घेऊ?” निघताना तिनं विचारलं.

“आहे की तुझ्याजवळच.”

“म्हणजे घेऊ?”

आक्कासाहेबांनी टरफलं सुपात गोळा केली आणि त्या आत गेल्या.

*

दुर्वा राजारामपुरीत मावशीकडे राहिली. रोज उजाडता टेकडीवर यायची. बॅग व्हरांड्यातल्या खुंटीला टांगलेली असायची. तिच्यातून ड्रायव्हरचं झाकलेलं डोकं बाहेर डोकावायचं, आणि येता-जाता ती तिकडे बघायची.

नऊ नंबर, पाय जुळलेले, अर्धा फटका... बाभूळ.

आक्कासाहेब सहसा बोलायच्या नाहीत. बोलल्या तर एखादा शब्द.

“घाई.”

किंवा, “दात.”

दात म्हणजे काय ते दुर्वाला उशिरा कळलं. फटका मारताना ती दातावर दात घट्ट आवळायची.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी पाय जुळलेले असूनही ती हलली नाही. चेंडू हळू वर गेला आणि बाभळीच्या सावलीत पडला. तिनं पुन्हा मारला. पुन्हा तिथंच. तिसराही त्या दोघांशेजारी जाऊन थांबला. ती वळून ओरडली, “आक्कासाहेब, बघितलंत?”

“बघितलं. अजून मार.”

“आता ड्रायव्हर?”

“अजून मार म्हटलं की.”

तिच्या मनात आलं, या बाईंना आता वय झाल्यामुळे लांबचं दिसतच नसेल. त्यांची पोच बाभळीपर्यंतच. असला विचार मनात आल्याची तिला लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

*

ऊसतोड सुरू झाली आणि कुंपणापलीकडचा फड मोकळा होऊ लागला.

एका दुपारी तोडकऱ्यांमधली एक बाई पाटी डोक्यावर घेऊन तारेपाशी आली. पाटीत पांढरे, मातकट, पाचटानं माखलेले गोल्फचे चेंडू होते.

“ताई, हे तुमचंच पीक नव्हं?” ती हसत म्हणाली.

मागून सगळे तोडकरी हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. फडात एवढं पांढरं पीक कुणाच्या बापजन्मात निघालं नसेल. व्हरांड्यात आक्कासाहेबही खुदकन हसल्या.

दुर्वानं पाटी घेतली. ते चेंडू तिचेच असतील असं नव्हतं, इथं खेळणाऱ्या सगळ्यांचेच असणार. पण वरच्याच एका चेंडूवर तिची निळी खूण होती. पहिल्या सकाळचा चेंडू. हाच तो, जो ‘लांब तर गेला’ होता.

आक्कासाहेब जेवायला आत गेल्या तशी तिनं खुंटीवरची बॅग काढली.

ड्रायव्हर हातात आला आणि तिला बरं वाटलं. माहेरी आल्यासारखं. पहिला चेंडू सरळ गेला, अगदी सुतात. ‘झालं की!’ ती मनाशी म्हणाली. दुसरा थोडा वळला. तिनं जोर वाढवला. तिसरा जास्त वळला, चौथा तोडलेल्या फडात जाऊन पडला. मग ती मोजायची थांबली. हात भरून येईपर्यंत मारत राहिली. जणू चेंडूला ठोकलं म्हणजे तो ऐकणार होता.

शेवटी तिनं ड्रायव्हर गवतावर आपटला आणि वळली.

आक्कासाहेब दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

दुर्वानं वाकून ड्रायव्हर उचलला.

“जेवायला चल,” आक्कासाहेब म्हणाल्या. “भाकरी गार होतीय.”

*

दुसऱ्या सकाळी दुर्वा मान खाली घालून आली. तिनं नऊ नंबर काढली.

“ती राहू दे. ड्रायव्हर आण.”

तिला वाटलं, कानांनी चुकीचं ऐकलं. ती धावतच गेली आणि ड्रायव्हर घेऊन आली. चेंडू टीवर ठेवला, नजर दूर टेकडीच्या टोकाकडे लावली.

“तिकडं नाही. बाभूळ.”

“...बाभूळ?”

“नऊ नंबर जिथं पडते तिथंच हीही पाड. पुढं एक हात नको.”

“ड्रायव्हरनं? आक्कासाहेब, हा एवढ्या जवळ मारायचा क्लबच नाही.”

“मार की.”

तिनं हळू मारला. चेंडू बाभळीवरून झेपावत कुठल्या कुठं गेला. तिनं आणखी हळू मारला. तो उजवीकडे गेला. अजून हळू मारायला गेली, तर क्लब चेंडूच्या डोक्याला लागला आणि चेंडू जागच्या जागी गोल फिरला.

“जोर कमी कर.”

“करतेय!”

“मग लावतंय कोण?”

दुर्वा थांबली. “मला माहीत नाही. मी कमीच करतेय. शेवटच्या क्षणी आपोआप येतो तो.”

आक्कासाहेबांनी काठी उचलून पुन्हा बाभूळ दाखवली.

“तुम्हाला नाही कळायचं,” दुर्वा म्हणाली, आणि मग थांबवता न येणारं सगळं बाहेर आलं. “मी लांब मारते म्हणून मला पहिल्यांदा संघात घेतलं. माझं पटिंग बरं नाही, होलच्या तोंडाशी येऊन चुकते. डोकं ठिकाणावर नसतं, हे सगळेच म्हणतात. पण मी ड्रायव्हर काढला की माणसं गप्प होतात. माझ्यासारख्या इचलकरंजीच्या मुलीकडे कोण बघत होतं त्याआधी? ते लांब मारणं गेलं तर... तर मी कोण राहते, आक्कासाहेब?”

खालच्या फडातून कोयत्यांचे आवाज येत होते.

आक्कासाहेब आधाराची काठी टेकत जवळ आल्या. ती त्यांनी बगलेत धरली आणि दुर्वाच्या मुठीवर आपला हात ठेवला. ड्रायव्हरच्या मुठीभोवती दुर्वाची बोटं इतकी आवळलेली होती की नखं पांढरी पडली होती.

त्यांनी करंगळी सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. मग पुढचं. सावकाश, लहान मुलाच्या हातातून चाकू काढून घ्यावा तसं. सगळी बोटं सैल झाली तरी ड्रायव्हर पडला नाही. तो दुर्वाच्या हातात तसाच राहिला.

“कुणी हिसकावून घेतंय का?” त्यांनी विचारलं.

दुर्वानं नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात सैल होते.

“मार.”

तिनं मारला. आवाजसुद्धा नीट झाला नाही. चेंडू थोडा वर आला, थोडा पुढं गेला आणि बाभळीच्या अलीकडे टप्पा घेऊन बुंध्याला टेकला.

आक्कासाहेब तोवर व्हरांड्याकडे निघाल्या होत्या.

“पुन्हा,” त्या न वळता म्हणाल्या.

*

त्या दिवसापासून दुर्वानं ‘कधी’ हा शब्द टाकला.

एक चेंडू नऊ नंबरनं, एक ड्रायव्हरनं. दोन्ही बाभळीपाशी. काही सकाळी एकही जमायचा नाही, आणि ती पुन्हा पाय जुळवून पहिल्यापासून सुरुवात करायची. हाताला फोड आले, फुटले, वाळले. मावशी म्हणाली, “अगं, सणाला तरी घरी जा.” दुर्वानं संक्रांतीचा तिळगूळ टेकडीवरच खाल्ला.

हळूहळू आक्कासाहेबांनी बाभळीपलीकडची खूण दिली. मग त्याच्याही पलीकडची. ड्रायव्हर लांब जाऊ लागला, पण आता कुठवर जायचं हे दुर्वा आधी ठरवायची आणि तो तिथवरच जायचा. पूर्वीच्या टप्प्याला तो पोचत नव्हता. एकदा तिनं ते बोलून दाखवलं.

“अजून थोडा जोर लावला तर पोचेल.”

“पोचेल की.”

“लावू?”

“तुझ्या हातात आहे.”

दुर्वानं विचार केला... आणि तेवढाच मारला.

निघायच्या दिवशी ती पाया पडली. आक्कासाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, शुभेच्छा वगैरे काही दिल्या नाहीत. “खाऊन जा काहीतरी,” एवढंच म्हणाल्या.

*

पुण्याला चाचणीत दुर्वा कुणाच्या डोळ्यांत भरली नाही.

तिचे चेंडू मधोमध पडत होते. दोन मुली तिच्यापेक्षा लांब मारत होत्या, आणि बघणारे त्यांच्यामागून चालत होते. पूर्वी ही माणसं तिच्यामागून चालायची. पहिल्या दिवशी हे तिला खुपलं. दुसऱ्या दिवशी कमी खुपलं. पटिंगनं तिला दोनदा दगा दिला आणि ती खाली घसरली, पण दातावर दात आवळले नाहीत. पुढचा होल, पुढचा चेंडू... एवढंच.

शेवटचा होल आला तेव्हा संघातली एकच जागा उरली होती, आणि ती तिच्या नि आणखी एका मुलीच्या मध्ये होती. होल अरुंद होता. उजवीकडे झाडं, त्यांच्यामागे भिंत, भिंतीपलीकडची जागा हद्दीबाहेर. आता मात्र माणसं जमली होती. गेल्या वर्षीच्या संघातल्या मुलीही त्यांत होत्या. दुर्वाला त्या दिसल्या.

त्या मुलीनं आधी मारताना सावधपणे छोटा क्लब घेतला आणि चेंडू मागंच ठेवला. तिथून पुढचा फटका अवघड जाणार होता.

दुर्वा बॅगेपाशी गेली. तिचा हात ड्रायव्हरकडे गेला आणि थांबला. हा हात कुणाचा आहे, हे तिनं स्वतःला विचारलं. मग तिनं समोर पाहिलं. चेंडू जिथं पडायला हवा होता तिथवर ड्रायव्हरच पोचवणार होता. तिनं तो काढला.

तिनं बोटं एकदा उघडली, मिटली.

फटक्याचा आवाज फार मोठा नव्हता. चेंडू सरळ गेला. वर चढला, भिंतीकडे ढुंकूनही न बघता मधल्या गवतावर उतरला, जरा घरंगळला आणि थांबला. जिथं थांबायला हवा होता तिथंच.

कुणी “वा!” म्हटलं नाही. तसं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. फक्त जुन्या संघातल्या एका मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली.

संध्याकाळी यादी वाचली गेली. दुर्वा मगदूमचं नाव सगळ्यात शेवटी होतं. पण होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेकडीवर पोचली. आक्कासाहेब उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या.

“घेतलं,” दुर्वा म्हणाली.

“बस.”

ती पायरीवर बसली. आक्कासाहेबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं सगळं सांगितलं. दोन दिवसांचा खेळ, हुकलेलं पटिंग, शेवटचा होल. आक्कासाहेब ऐकत होत्या की डुलक्या घेत होत्या, सांगणं कठीण होतं.

“आणि यादी वाचून झाल्यावर निवड समितीचे अध्यक्ष माझ्याजवळ आले,” दुर्वा म्हणाली. “सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काय झालं दुर्वा? पूर्वीसारखी लांब मारत नाहीस आता.’”

आक्कासाहेबांनी डोळे उघडले.

“मग? तू काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“म्हणावंसं वाटलंच नाही. हसले आणि बॅग उचलली.”

आक्कासाहेबांनी काठी टेकली आणि तिच्याकडे पाहिलं.

“हा फटका लांब गेला,” त्या म्हणाल्या.